पहिलं वेल्डिंग मशीन: अँपिअरचा वरचा आकडा नको, खालचा बघा

प्रश्न विचारणारा तरुण नाशिकच्या निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. घरची बाग, थोडा कांदा, एक ट्रॅक्टर, ट्रॉली, ब्लोअर (पंख्याचं फवारणी यंत्र), रोटावेटर आणि बारा वर्षं वापरलेली बोलेरो पिकअप. पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडून बोट जाईल एवढं भोक पडलंय. ऐन फवारणीत ब्लोअरचं ब्रॅकेट तुटतं आणि गावातला वेल्डर तेव्हा नेमका मिळत नाही. म्हणून स्वतःच मशीन घ्यायचं ठरवलंय, बजेट ३० हजार. दाजी त्यांचा ४०० अँपिअरचा जुना तांब्याचा ट्रान्सफॉर्मर फुकट द्यायला तयार आहेत. दुकानदार थ्री-इन-वन, म्हणजे काडी, तार आणि टिग अशा तिन्ही पद्धती एकातच असलेलं मशीन, घ्या म्हणतो. कोणी सांगतं गॅसची गरजच नाही. एकच मशीन घ्यायचं, तर कोणतं?

मी नाशिकमध्ये सातपूरच्या आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केला, दहा वर्षं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनमध्ये काढली आणि गेली सोळा वर्षं दिंडोरी रोडला माझं स्वतःचं शेड आहे. निम्मं काम शेतीच्या अवजारांचं, निम्मं गाड्यांच्या पत्र्याचं. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो आणि घाईत मशीन घेऊन पैसे अडकलेले लोकही दिसतात. म्हणून सविस्तर सांगतो.

भाऊ, तुमची अडचण मशीनच्या नावाची नाही. तुम्हाला दोन कामं करायची आहेत आणि ती दोन टोकांची आहेत. पिकअपच्या केबिनचा पत्रा साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटर, म्हणजे बाजाराच्या भाषेत २२ किंवा २० गेज. ब्लोअरची फ्रेम, ट्रॉलीचं चॅनल, रोटावेटरची बाजूची प्लेट हे सगळं ५ ते १० मिलिमीटर. पत्र्यात उष्णता जरा जास्त झाली की भोक पडतं. प्लेटमध्ये कमी पडली की सांधा वरून छान दिसतो आणि पहिल्याच धक्क्याला पापुद्र्यासारखा सुटतो. एकाच मशीनने ही दोन्ही टोकं सांभाळायची आहेत.

अशा वेळी बहुतेक लोक वरचा आकडा बघून मशीन घेतात. २०० पेक्षा २५० बरं, २५० पेक्षा ४०० बरं. मी उलट सांगतो. जाड लोखंड कमी अँपिअरमध्ये जोडता येतं, पातळ पत्रा मोठ्या मशीनवर जोडता येत नाही. ८ मिलिमीटरच्या प्लेटला ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी उतार मारा, मधे खाच तयार होते. त्या खाचेत ३.१५ मिलिमीटरच्या काडीने (वेल्डिंग रॉडने) ११०-१२० अँपिअरवर पहिला थर, स्लॅग (वर जमणारी खपली) पूर्ण काढून दुसरा, मग तिसरा. वेळ लागेल, पण सांधा पक्का होईल. माझ्याकडे येणाऱ्या शेतीकामांपैकी बहुतेक याच १२० अँपिअरच्या आत होतात. पत्र्याला मात्र असा मागचा दरवाजा नाही. मशीन ३५-४० अँपिअरवर शांत चालत नसेल तर हात कितीही चांगला असो, भोक पडणारच. त्यामुळे दुकानात गेल्यावर 'जास्तीत जास्त किती' हे विचारण्याआधी 'कमीत कमी कितीवर नीट चालतं' हे विचारा आणि समोर चालवून बघा.

आता दाजींचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्याबद्दल मला आदर आहे. तांब्याची वाइंडिंग असलेला तेलाचा ट्रान्सफॉर्मर तीस-तीस वर्षं चालतो, बिघडायला त्यात फारसं काही नसतंच. माझ्या शेडच्या कोपऱ्यात असा एक अजून आहे. पण तो दोन फेजवर चालतो आणि वीज प्रचंड ओढतो. तुमच्याकडे थ्री फेज येते ती शेतीच्या फीडरवर, पाळीने. मळ्यात ब्लोअर तुटेल तेव्हा ती असेलच असं नाही. शिवाय शेतीपंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंग चालवणं नियमात बसत नाही. ते धरून चालूच नका. आणि पत्र्याच्या कामाला तो ट्रान्सफॉर्मर शून्य उपयोगाचा. कांदाचाळीचे अँगल जोडायचे असते, घरी थ्री फेजचं मीटर असतं, तर मी म्हटलं असतं की फुकटचा आहे, घ्या. तुमच्या कामाला तो बसत नाही. दाजींना नम्रपणे नाही सांगा.

मशीनची जात ठरवण्याआधी एक काम आहे, ते बहुतेक लोक करत नाहीत. घरची वीज तपासायची. १२० अँपिअरवर काडी चालवताना चांगलं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन) घरच्या लाइनमधून साधारण २०-२२ अँपिअर ओढतं. पत्र्याच्या कामाला ५०-६० अँपिअरवर चालवलं तर तेच मशीन ७-८ अँपिअरमध्ये भागवतं. म्हणजे पत्र्याला तुमची वीज पुरेल, शंका आहे ती जाड कामाची.

यासाठी दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणा. संध्याकाळी, गावात सगळ्यांचे दिवे-मिक्सर चालू असतात तेव्हा, शेडमधल्या सॉकेटवर व्होल्टेज बघा. मग त्याच सॉकेटवर गिझर किंवा पाणी तापवायची दोन किलोवॅटची कॉइल लावा आणि परत बघा. दोन किलोवॅट म्हणजे साधारण ९ अँपिअर. तेवढ्यावर १० व्होल्ट पडत असतील, तर २२ अँपिअर ओढणारं मशीन २५ व्होल्ट पाडणार. २२० चे १९५ झाले तर काम होईल. पण मुळातच २०० मिळत असतील आणि ते १७५ वर येत असतील, तर काडी चिकटायला लागते, आर्क (काडी आणि लोखंडामधली विजेची ज्योत) तुटतो आणि माणूस मशीनला दोष देतो. दोष असतो डीपीपासूनच्या (गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासूनच्या) अंतरात, नाहीतर घरातल्या वायरिंगमध्ये.

डीपी आपल्या हातात नाही, वायरिंग आहे. मेन स्विचपासून शेडपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, औद्योगिक प्रकारचं सॉकेट आणि नीट अर्थिंग, एवढं वायरमनकडून करून घ्या. शेड लांब असेल तर वायर ६ ची घ्या. घराच्या मीटरचा मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नवं मशीन दोनदा परत नेलं, दोन्ही वेळा दुकानात ते व्यवस्थित चाललं. तिसऱ्या वेळी मी घरी गेलो. गोठ्यापर्यंत दीड चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची वायर टाकलेली, जोडावर नुसती चिकटपट्टी, आणि जोड हाताला गरम लागत होता. त्याच्या बाजूला कडबा रचलेला. मशीन बिघडलं असतं तरी चाललं असतं. त्या जोडाने काय झालं असतं, याचा विचार मला अजून येतो.

आता जाती. काडीचं इन्व्हर्टर मशीन, ज्याला आपण साधं आर्क वेल्डिंग म्हणतो, ते पाच-सात किलोचं असतं. पट्ट्याने खांद्याला लावून मळ्यात नेता येतं, स्वस्त असतं. गंज, थोडा रंग, वारा हे सगळं काडी सहन करते, कारण काडीवरचं आवरणच जळून वितळलेल्या धातूला झाकून ठेवतं. पण ०.८ च्या पत्र्यावर काडी चालवणं नवशिक्याचं काम नाही. दीड-दोन मिलिमीटरच्या आत काडी नको, हा माझा नियम.

तारेचं मशीन, ज्याला वर्कशॉपमध्ये कार्बन डायऑक्साइड गॅसच्या नावावरून सरसकट सीओटू म्हणतात, त्यात हातातल्या गनचा ट्रिगर दाबला की तार आपोआप पुढे येते आणि गॅस तिच्याभोवती पडदा धरतो. पत्र्यासाठी हेच. ट्रिगर सोडला की आर्क बंद, म्हणजे उष्णता क्षणाक्षणाने मोजून देता येते. पातळ पत्र्यात भोक न पाडता टाका मारण्याचं सगळं गणित त्यात आहे. मात्र याला लोखंड स्वच्छ लागतं आणि वारा चालत नाही. उघड्या शेडमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की गॅस उडून जातो आणि वेल्डची रेघ आंबोळीला जाळी पडावी तशी भोकाभोकांची होते. पंखासुद्धा बंद ठेवावा लागतो.

बिनगॅसची तार, म्हणजे पोटात पावडर भरलेली तार, ही त्याच मशीनवर चालते. वाऱ्यात बरी, सिलिंडरची कटकट नाही. पण ती पत्र्यावर गरम पडते, थेंब फार उडवते आणि वर स्लॅग येतो. ट्रॉलीच्या ३ मिलिमीटर तळाला ती चालेल, पिकअपच्या केबिनला नाही. 'गॅस नको' म्हणणाऱ्यांचं म्हणणं म्हणूनच तुमच्या निम्म्या कामालाच लागू आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. गॅसवरच्या साध्या तारेला गन प्लसवर असते, या बिनगॅसच्या तारेला गन मायनसवर घ्यावी लागते. मशीनच्या आत किंवा पुढे ही अदलाबदल करायची सोय हवी. ती नसेल तर एकाच प्रकारच्या तारेवर तुम्ही कायमचे अडकता.

टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने आरगॉन गॅसमध्ये केलेलं वेल्डिंग, सुंदर काम करतं, पण हळू, आणि हात बसायला फार वेळ. पहिल्या मशीनमध्ये त्यासाठी पैसे घालू नका. थ्री-इन-वनमध्ये टिगचा पर्याय आला तर येऊ द्या, त्यासाठी जास्त मोजू नका. आपल्याकडचे जुने डेंटर, म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचे कारागीर, गॅस वेल्डिंगवर पत्रा अप्रतिम जोडायचे, मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण ॲसिटिलीनचा सिलिंडर घरात, गोठ्याशेजारी ठेवायला मी कोणालाच सांगणार नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं. सिंगल फेजवर चालणारं, २०० अँपिअरच्या आसपासचं, तार आणि काडी दोन्ही चालणारं इन्व्हर्टर मशीन घ्या. त्यावर ०.८ ची तार नीट चालली पाहिजे, व्होल्टेज आणि तारेचा वेग वेगवेगळ्या नॉबवर पाहिजे, गन सुटी होणारी पाहिजे म्हणजे उद्या खराब झाली तर दुसरी लावता येईल. मात्र यात एक अट आहे. पिकअप ही एकच गाडी असेल, ती एकदा दुरुस्त झाल्यावर तुम्ही पत्र्याला परत हात लावणार नसाल, तर हा खर्च करू नका. चांगल्या प्रतीचं काडीचं इन्व्हर्टर घ्या, पिकअप नाशिकला डेंटरकडे द्या, उरलेले पैसे बागेला लावा. घरात दोन-तीन गाड्या आहेत, भावकीच्या गाड्यांचंही काम येणार आहे, पत्र्याची आवड आहे, अशा माणसालाच तारेचं मशीन परवडतं. हे तुम्हीच ठरवायचं.

मशीनवर लिहिलेल्या २०० अँपिअरवर आंधळा विश्वास नको. प्लेटवर 'ड्यूटी सायकल' लिहिलेली असते. २०० अँपिअर, ६० टक्के, ४० अंश, याचा अर्थ ४० अंश तापमानात दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं ते २०० वर चालेल, चार मिनिटं थंड होईल. हा आकडाच कुठे लिहिला नसेल तर त्या मशीनचे २०० म्हणजे खरे १२०-१३० असू शकतात. तेवढ्यातही तुमचं काम होईल, पण मग पैसेही तेवढ्याच मशीनचे द्या. आणि बिल घ्या. दुरुस्ती नाशिकमध्ये होते का, कार्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) इथे मिळतं का, हे विचारा. अंबड-सातपूरमध्ये मशीन उघडून दुरुस्त करणारे भरपूर आहेत, पण अनोळखी ब्रँडचं कार्ड त्यांच्याकडेही नसतं. ऑक्टोबरात, ऐन फवारणीत, मशीन पंधरा दिवस बाहेर राहिलं तर ते घेतल्याचा उपयोग काय?

३० हजारांत मशीनसाठी २० च्या वर जाऊ नका. बाकीच्या पैशांत आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, ॲप्रन, चार इंची ग्राइंडर, रेग्युलेटर, पाइप, तारेचं एक रीळ, काड्यांची दोन पाकिटं, सी-क्लॅम्प आणि सिलिंडरची अनामत बसवायची आहे. नवशिके लोक इथेच फसतात. सगळे पैसे मशीनमध्ये जातात आणि मग पंधरा रुपयांची हातात धरायची काळी काच घेऊन काम सुरू होतं. डोळ्यांना आर्क लागली तर दिवसा कळत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवून बसू नका, डॉक्टरकडे जा.

सीओटू गॅस किती लागतो, याची लोकांना उगाच धास्ती असते. एक किलो द्रव सीओटूचा पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. शेडच्या आत मिनिटाला ८ ते १० लिटर पुरतो. म्हणजे एका किलोत प्रत्यक्ष आर्क चालू असलेली पन्नास मिनिटं. पत्र्याच्या कामात आर्क एका वेळी एकदोन सेकंदच चालतो, त्यामुळे नऊ-दहा किलोचा छोटा सिलिंडर घरच्या वापराला बरेच महिने जातो. सिलिंडर उभाच ठेवा, साखळीने भिंतीला बांधा. आडवा केला तर आतला द्रव रेग्युलेटरमध्ये येतो. आरगॉन मिसळलेला गॅस पत्र्यावर जास्त मऊ चालतो, थेंब कमी उडतात. परवडला तर तो घ्या, नाहीतर नुसत्या सीओटूवरही गाडीचं काम होतं. मी पहिली पाच वर्षं तसंच केलं.

आता तुमच्या पिकअपच्या पायाखालचं भोक. ते बोटाएवढं दिसतंय, पण तेवढं नाही. मॅट काढा, आतला रबराचा थर खरवडा आणि जाड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने भोकाच्या कडेपासून बाहेर टोचत जा. टोक 'टक्' असं वाजून मागे आलं की तिथे पत्रा जिवंत. 'फस्' करून आत गेलं की मेलेला. खडूने खूण करत जा. बोटाएवढं भोक बहुतेक वेळा तळहाताएवढं निघतं. आपल्या भागातल्या पिकअपमध्ये हे जास्त दिसतं, कारण फवारणीची औषधं, मोरचूद, खताच्या गोण्या यांचं पाणी हौद्यातून आणि बुटांवरून तिथेच झिरपत राहतं. ज्या बाजूला खूण केली तिच्याही पुढे एक-दीड सेंटिमीटर कापा. सडक्या कडेला कितीही छान टाका मारा, तो टाका हवेलाच मारल्यासारखा आहे.

कापण्याआधी खाली काय आहे ते गाडीखाली उताणं पडून बघा. ब्रेकची नळी, वायरिंग, डिझेलची नळी. ती बाजूला बांधून घ्या. बॅटरीची दोन्ही टोकं काढून ठेवा. अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरावर, चकचकीत घासलेल्या पत्र्यावर लावा. क्लॅम्प लांब लावला तर करंट बेअरिंगमधून, सेन्सरमधून वाट काढतो.

ठिगळ त्याच जाडीच्या पत्र्याचं कापा. तळाला ठिगळ जरा मोठं घेऊन वर चढवून जोडलं तरी चालतं, बाहेर दिसणाऱ्या भागाला मात्र कडेला कड लावूनच. दोन्ही बाजू लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासा. मग मशीन सगळ्यात खाली आणा, त्याच पत्र्याच्या टाकाऊ तुकड्यावर चालवून बघा आणि कान द्या. सेटिंग बरोबर असलं की फोडणीत मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज येतो. फट्-फट् असा तुटक आवाज येऊन तार गनला मागे ढकलत असेल तर तारेचा वेग जास्त आहे. तार टोकाशीच वितळून गोळा होत असेल तर वेग कमी किंवा व्होल्टेज जास्त.

चारही कोपऱ्यांत एकेक टाका मारा. मग समोरासमोरच्या कडांच्या मध्यावर. एका टाक्याशेजारी लगेच दुसरा मारायचा नाही. वेल्ड पडताना काचेतून बघा. वितळलेला ठिपका चमकदार, गोल असतो. तो मधोमध खाली बसायला लागला की पुढच्या क्षणाला भोक पडणार, ट्रिगर तिथेच सोडा. सोडल्यावर लाल रंग पूर्ण जाईपर्यंत थांबा, हात लावण्यासारखा होईपर्यंत दुसऱ्या बाजूला काम करा. मागे तांब्याची जाड पट्टी धरली तर उष्णता ती ओढून घेते आणि वेल्ड तिला चिकटत नाही. विजेची पॅनेल बनवणाऱ्यांकडे बसबारचा (पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीचा) जुना तुकडा मिळतो, तो आणून ठेवा. ठिपके एकमेकांवर चढत चढत कड भरायची. तळहाताएवढ्या ठिगळाला मी आजही पाऊण तास घेतो.

सुरुवातीच्या दिवसांत मी एका जीपचा तळ काडीने, अडीचच्या रॉडने जोडून दिला होता. वरून लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला, गिऱ्हाईक खूश. दुसऱ्या पावसाळ्यात तो माणूस परत आला. वेल्डच्या अगदी कडेने, जिथे पत्रा जळून पातळ झाला होता तिथे, रेघ मारल्यासारखा फाटला होता. मी पैसे न घेता सगळं कापून परत केलं. पत्र्याला काडी नको, हा नियम तेव्हापासूनचा.

वेल्ड झाल्यावर काम संपत नाही. खालून-वरून झिंकचा प्रायमर, सांध्याला सीलर, आणि पोकळ भागात आतून मेणाचा किंवा निदान ग्रीसमिश्रित तेलाचा फवारा. वेल्ड झालेल्या पत्र्याचं आतलं संरक्षण जळून गेलेलं असतं, गंज आधी तिथूनच धरतो.

आता ब्लोअर. ब्रॅकेट तुटतं ते वेल्ड कमी होता म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा ते वेल्डच्या शेजारी तुटतं, कारण पंख्याची थरथर एकाच कोपऱ्यात जमा होते. नुसती भेग भरून काढली तर महिनाभरात तिथेच परत जाते. भेगेच्या टोकाला ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही. भेग ग्राइंडरने उघडून खाच करा, काडीने भरा, आणि मग कोपऱ्यात तिकोनी पट्टी द्या. पट्टीचं टोक जिथे संपतं तिथे वेल्ड आडवा संपवू नका, वळसा घालून मागे आणा. आणि वेल्ड करण्याआधी ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, घासून घ्या. औषधाचा थर आर्कखाली जळतो तेव्हा निघणारा धूर छातीत जातो. ब्रेक क्लीनरसारखे स्प्रे मारून कधीच साफ करू नका, त्यातल्या क्लोरीनच्या रसायनांचा आर्कखाली विषारी वायू होतो.

काड्यांमध्ये ६०१३ नंबरच्या, ३.१५ आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या, एवढ्या दोनच आधी आणा. २.५ ला ६० ते ९० अँपिअर, ३.१५ ला ९० ते १३०. जिथे ताण जास्त, तिथे ७०१८ नंबरची. पण ती दमट झाली की उपयोग संपतो, त्यामुळे छोटं पाकीट घ्या आणि उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा. बागेच्या गॅल्व्हनाइज्ड अँगलला वेल्ड करायचं झालं तर आधी वरचं जस्त घासून काढा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा. जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि दूध प्यायल्याने तो टळत नाही.

काही गोष्टींना पहिल्या वर्षी हात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. ट्रॉलीचा हुक आणि ड्रॉबार. कांद्याने भरलेली ट्रॉली लासलगावच्या रस्त्यावर सुटली तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय होईल? पिकअपची चॅसी, स्टिअरिंगचे भाग, सीटबेल्टची जागा. डिझेलची टाकी, रिकामी असली तरी, धुतली असली तरी. टायर चढवलेली रिंग, हवा काढली असली तरी, कारण आत गरम झालेल्या रबराचा वायू साठून टायर बॉम्बसारखा फुटतो. रोटावेटरची पाती कडक पोलादाची असतात, वेल्ड केली की शेजारून तुटून उडतात, ती बदलायचीच. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) भाग, म्हणजे गिअरबॉक्सचे कान वगैरे, त्याला निकेलची काडी आणि हळूहळू गरम-थंड करण्याचं तंत्र लागतं, ते माझ्यासारख्याकडे आणा.

वेल्डिंगची जागा गोठ्यापासून, कडब्यापासून लांब. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी. काम संपल्यावर अर्धा तास तरी तिथून हलायचं नाही. ठिणगी चाऱ्यात शिरली तर धूर यायला तेवढा वेळ घेते. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

खरेदी कधी करायची तर आत्ताच, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या दिवसांत. आधी मल्टिमीटरचे आकडे घ्या आणि वायरिंग करून घ्या. मग मशीन आणा. पहिला महिना काडीने ५ मिलिमीटरच्या भंगार पट्ट्यांवर, रोज अर्धा तास. जोडलेले तुकडे शिकंज्यात (वाइसमध्ये) धरून हातोड्याने वाकवून तोडा आणि आत बघा, दोन्ही बाजू खरंच एकजीव झाल्या आहेत की मधे काळी रेघ आहे. ती रेघ जायला लागली की तारेवर या. भंगारवाल्याकडून जुन्या गाडीचा एखादा दरवाजा आणा, त्यात मुद्दाम चौकोन कापा आणि परत बसवा. असे दहा-बारा चौकोन झाले की पिकअपचा मॅट उचला. ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर बाहेर काढाल, तोवर हात बसलेला असेल.